शिक्षकांचं वर्ष लांबवायचं म्हणजे नेमकं काय लांबवायचं?

ऑफिसात काम करणाऱ्या माणसाचं वर्ष आधी मोजून घेऊ. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. त्यातून सार्वजनिक सुट्ट्या आणि हक्काची रजा मिळून तीसेक दिवस वजा करा. म्हणजे माणूस साधारण २३० दिवस कामावर असतो. आता सरकारी शाळेतला शिक्षक घ्या. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात दहा महिन्यांच्या करारावरच्या शिक्षकाला कायद्याने किमान १८७ दिवस काम करावं लागतं. इंग्लंडमध्ये हा आकडा १९५ आहे. फरक पस्तीस ते त्रेचाळीस दिवसांचा.

"शिक्षकांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या" हा टोमणा या फरकातून जन्मतो, आणि शिक्षकांच्या कामाचं वर्ष वाढवा ही मागणीही. मागणी ऐकायला सरळ वाटते. शाळा जास्त दिवस चालली तर मुलं जास्त शिकतील, शिक्षकांना तयारीला वेळ मिळेल, जमलं तर पगारही वाढवता येईल. पण "वर्ष वाढवा" म्हणताना तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबलेल्या असतात. ती पिशवी आधी रिकामी केली नाही, तर पुढची सगळी चर्चा एकमेकांच्या डोक्यावरून जाते.

पिशवीत काय काय आहे

मुलं शाळेत येतात ते दिवस, ही पहिली गोष्ट. मुलं येत नाहीत पण शिक्षक येतो ते दिवस, ही दुसरी: वर्ष सुरू होण्याआधीची आखणी, प्रशिक्षण, निकाल, पालकांच्या भेटी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे शाळेला कुलूप असताना शिक्षक घरी बसून करतो ते काम. त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नसते.

इंग्लंडच्या १९५ दिवसांत ही फोड स्वच्छ दिसते. १९० दिवस मुलांसोबत, ५ दिवस मुलांशिवाय. १९८७ साली शिक्षकांच्या सेवाशर्ती अशा दिवसांत आणि तासांत बांधल्या गेल्या, तेव्हा केनेथ बेकर शिक्षणमंत्री होते. त्यामुळे त्या पाच दिवसांना शिक्षक कितीतरी वर्षं "बेकर डे" म्हणत. त्या वर्षीच्या कायद्याने शिक्षकांचे पगार वाटाघाटीने ठरवणारी बर्नहॅम समितीही मोडीत काढली होती, तेव्हा हे नाव लाडाने पडलं असेल असं मानायचं कारण नाही. या १९५ दिवसांत मुख्याध्यापक सांगतील तिथे, सांगतील तेव्हा हजर राहायचे तास आहेत १२६५. भागाकार केला तर दिवसाला साधारण साडेसहा. पण त्याच नियमांत पुढे असंही म्हटलंय की काम नीट पार पाडण्यासाठी लागतील तेवढे वाजवी जादा तास शिक्षकाने द्यावेत. वाजवी म्हणजे किती, याला आकडा नाही. तिसरी गोष्ट इथे लपली आहे.

भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट आहे, तेही या नजरेने वाचण्यासारखं आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. त्याखालीच शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास दिलेत: ४५, पाठाच्या तयारीसह. प्राथमिकचे ८०० भागिले २०० म्हणजे रोज चार तास वर्ग. ४५ तास सहा दिवसांत वाटले तर रोज साडेसात. मधले साडेतीन तास कायद्याने टाचण, तपासणी आणि तयारीसाठी मोकळे सोडलेत. प्रत्यक्षात त्या साडेतीन तासांत कोणकोणते तक्ते भरले जातात आणि कोणकोणत्या याद्या ऑनलाइन चढवल्या जातात, हे शिक्षकांच्या घरच्यांना विचारावं.

तिसऱ्या गोष्टीचा अंदाज यायला एकच उदाहरण घेतो. भाषेच्या एका शिक्षिकेकडे पाच तुकड्या आहेत, प्रत्येकीत ४० मुलं. तिने एक निबंध लिहायला दिला. वह्या आल्या २००. प्रत्येक निबंध वाचायचा, चुकांना गोल करायचे, खाली एखादी ओळ लिहायची, गुण मांडायचे. घाई केली तरी पाच मिनिटं. हजार मिनिटं झाली, म्हणजे १६ तास ४० मिनिटं. एका निबंधापायी दोन पूर्ण दिवस, आणि तासिका घेणं चालूच. मग दोनपैकी एक होतं. एक तर ती रविवारी वह्या घेऊन बसते, नाही तर निबंध देणंच कमी करते. दुसरा मार्ग कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, म्हणून तो जास्त वापरला जातो.

सुट्टी आली कुठून

अमेरिकेतली लांबलचक उन्हाळी सुट्टी शेतीमुळे आली, मुलं शेतावर लागायची म्हणून शाळा बंद ठेवत, असं सर्रास सांगितलं जातं. हिशोब जमत नाही. शेतावर हात लागतात ते पेरणीला आणि कापणीला, म्हणजे तिकडच्या वसंतात आणि शरदात. खेड्यांतल्या शाळा एकोणिसाव्या शतकात खरोखरच तेव्हा बंद असत, आणि हिवाळ्यात व उन्हाळ्यात भरत. शहरांतल्या शाळा तर १८४० च्या दशकात वर्षाला २४० दिवसांच्या आसपास उघड्या असत.

पुढे दोन्ही बाजूंनी ओढाताण होऊन एक मधलं वेळापत्रक तयार झालं. शहरांत उन्हाळ्यात कोंदट इमारतींमध्ये बसवत नसे, ऐपतदार कुटुंबं गाव सोडून जात आणि वर्ग ओस पडत. शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही तोच काळ सोयीचा होता. खेड्यांतल्या शाळांचे दिवस वाढवून त्यांना शहरांच्या जोडीला आणलं गेलं. अशा तडजोडीतून १८० च्या आसपासचा आकडा रुजला आणि मग त्याच्याभोवती सगळं उभं राहिलं: बसचे करार, इमारतींची दुरुस्ती, पालकांच्या रजा, उन्हाळी शिबिरांचा धंदा आणि शिक्षकांचे पगार.

हा आकडा हलवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न १९८३ चा. अमेरिकी सरकारने नेमलेल्या आयोगाने "अ नेशन ॲट रिस्क" नावाचा अहवाल दिला. त्यात सात तासांचा शाळेचा दिवस आणि २०० ते २२० दिवसांचं वर्ष सुचवलं होतं. हे लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच अहवालात शिक्षकांसाठी ११ महिन्यांचा करार हवा अशी एक वेगळी शिफारस होती. त्यातला जादा वेळ अभ्यासक्रमाच्या कामासाठी, शिक्षकांच्या स्वतःच्या शिकण्यासाठी, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आणि बऱ्या पगारासाठी असं कारणही दिलं होतं. म्हणजे मुलांचं वर्ष आणि शिक्षकाचं वर्ष या दोन गोष्टी आहेत, हे आयोगाला चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आकडा आजही १८० च्या आसपासच आहे.

पैसे

घोडं अडतं ते इथे. आणि इथेच एक गैरसमज फार पक्का बसलाय: "पगार तर बारा महिन्यांचा घेतात!" अमेरिकेतल्या शिक्षकाचा वार्षिक पगार करारातल्या दिवसांसाठी असतो. अनेक ठिकाणी तो दहा हप्त्यांत घ्यायचा की बारा, हे निवडता येतं. बारा हप्ते घेतले तर सुट्टीतही खात्यात रक्कम येते, पण ती आधीच कमावलेली असते, फक्त उशिरा मिळते. सुट्टीचा पगार तो नव्हे. भारतात सरकारी शाळेतल्या कायम शिक्षकाला मासिक वेतन मिळतं, तिथला हिशोब वेगळा. त्यामुळे एका देशातला वाद उचलून दुसऱ्या देशात लावला की फसगत होते.

करार १८७ दिवसांचा आहे आणि त्यात दहा दिवस वाढवायचे आहेत असं धरू. दिवस वाढले ५.३ टक्के. पगारही तेवढाच वाढवला तर शिक्षकाचा रोजचा दर होता तिथेच राहतो. बातमी मात्र येते "शिक्षकांना पाच टक्के पगारवाढ". पगार न वाढवता दिवस वाढवले तर रोजचा दर पाच टक्क्यांनी घसरतो, आणि त्याला कपात असं कोणी म्हणत नाही. तीस दिवस वाढवायचे म्हटले तर पगाराचा बोजा १६ टक्क्यांनी फुगतो. वर बस, वीज, सफाई, मुलांचं जेवण. आयोग येतात, शिफारसी होतात आणि १८० चे १८०च राहतात, त्याचं कारण या गुणाकारात आहे.

टेक्सासने २०१९ मध्ये मधली वाट काढली. प्राथमिक शाळांनी १८० दिवसांच्या वर ३० दिवसांपर्यंत शाळा भरवली तर राज्य त्यासाठी निधी देईल, पण अर्ध्या दिवसाच्या दराने, असं तेव्हा ठरलं. ते दिवस उन्हाळी वर्ग म्हणून ऐच्छिक ठेवायचे, वर्षभर मधूनमधून पेरायचे की सगळं वेळापत्रकच नव्याने आखायचं, हे स्थानिक शाळा प्रशासनाने ठरवायचं. उरलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे कुठून आणायचे, हेही त्यांनीच.

शिकागोची गोष्ट जास्त बोलकी आहे. २०१२ पर्यंत तिथल्या प्राथमिक शाळांचा दिवस पावणेसहा तासांचा आणि वर्ष १७० दिवसांचं होतं. महापौर रॅम इमॅन्युएल यांनी दिवस सात तासांचा आणि वर्ष १८० दिवसांचं करायचं ठरवलं. त्याआधीच्याच वर्षी शिक्षण मंडळाने करारात कबूल केलेली चार टक्के वाढ रद्द केली होती. त्यामुळे "काम वाढवा, पैशाचं बघू" हे शिक्षकांना ऐकून घ्यायचं नव्हतं. त्या उन्हाळ्यात एक तोडगा निघाला: मुलांचा दिवस वाढेल, पण कामावरून कमी केलेल्या शिक्षकांतले सुमारे ५०० जण परत घेऊन जादा तासिका त्यांच्याकडून भरायच्या. मुलांचं वेळापत्रक लांबलं, पण एकेका शिक्षकाचा दिवस जवळपास तेवढाच राहिला. पिशवीतल्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात याचा हा जिवंत पुरावा. संप तरीही झालाच, सप्टेंबरमध्ये, शाळेचे सात दिवस. शिक्षकांचं मूल्यमापन आणि कमी केलेल्यांना परत घेण्याचे नियम यांवरून तो पेटला होता.

उलट्या बाजूचं उदाहरण अमेरिकेतल्याच हवाई राज्याचं. २००९ च्या मंदीत राज्याकडे पैसे नव्हते, म्हणून सतरा शुक्रवार शाळाच बंद ठेवायचं ठरलं. मुलांचं वर्ष १६३ दिवसांवर आलं, शिक्षकांच्या पगारात सुमारे आठ टक्के कपात झाली. पालक इतके चिडले की काही जण राज्यपालांच्या कार्यालयात ठाण मांडून बसले. शिक्षकांची सुट्टी एरवी डोळ्यांत खुपते, आणि सुट्टी वाढवली की तीच माणसं रस्त्यावर येतात. यात विसंगती नाही. लोकांना मुलं शाळेत हवी असतात, शिक्षकाचे दिवस ते कधी मोजतच नसतात.

दिवस वाढले की शिकणं वाढतं का?

थोडंफार वाढतं. पण सरळ रेषेत नाही, आणि कुठला दिवस वाढवला यावर पुष्कळ अवलंबून असतं.

पश्चिम जर्मनीत १९६६-६७ मध्ये एक विलक्षण प्रकार घडला. शाळेचं वर्ष वसंताऐवजी उन्हाळ्यानंतर सुरू करायचं ठरलं, आणि बदल बसवण्यासाठी बऱ्याच राज्यांनी लागोपाठ दोन आखूड वर्षं घेतली: प्रत्येकी ३७ ऐवजी २४ आठवडे, अभ्यासक्रम मात्र पूर्ण. योर्न-स्टेफेन पिश्के या अर्थशास्त्रज्ञाने पुढे त्या मुलांचा माग काढला. नापास होऊन त्याच वर्गात बसणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण मोठेपणी त्यांची कमाई इतरांपेक्षा कमी आढळली नाही. एवढे आठवडे जाऊनही! आता हे वाचून कोणी "मग शाळा कमीच करा" म्हणेल, तर नापास झालेल्यांच्या बाजूने विचार करावा. दिवस कापले की आधी धडपडणारी मुलं गळतात, आणि हुशार मुलं कसंही निभावून नेतात.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञाने बर्फामुळे बुडणाऱ्या दिवसांचा अभ्यास केला. अख्खी शाळा बंद राहिली तर मुलांच्या गुणांवर फरक पडत नव्हता. शाळा चालू असताना काही मुलं गैरहजर राहिली की मात्र फरक पडत होता. कारण शिकवणाऱ्याला लगेच पटेल. सगळेच घरी असतील तर शिक्षक पाठ उद्यावर ढकलतो. चाळीसांतली बारा आली नाहीत, तर आज शिकवलेलं उद्या त्या बारांसाठी पुन्हा, आणि अठ्ठावीस जण जांभया देत बसतात. म्हणजे दहा दिवस वाढवून त्यात निम्मी मुलं येणार असतील, तर ते दिवस नुसते वाया जात नाहीत, शिकवण्याची लय मोडतात. सुट्टीच्या तोंडावर किंवा भर उन्हाळ्यात वाढवलेल्या दिवसांचं हेच होतं. उन्हाचा वेगळाही हिशोब झालाय: गुडमन आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्षाचं तापमान एक अंश फॅरनहाइटने जास्त असलं की त्या वर्षीचं शिकणं सुमारे एक टक्क्याने घटलेलं दिसलं. वर्ष लांबवायचं तर दिवस बहुतेक ठिकाणी सर्वांत गरम आठवड्यांतूनच काढावे लागतात.

"वर्षभर चालणारी शाळा" ही इथे घोटाळा करणारी आणखी एक संज्ञा. तिच्यात बहुतेक वेळा दिवस तेवढेच असतात, सुट्टी फक्त तुकडे करून वाटलेली असते, ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी अशी. लॉस एंजेलिसमध्ये मुलं फार आणि इमारती कमी असल्यामुळे काही शाळा पाळ्यांवर वर्षभर उघड्या असत. त्यांतल्या "कन्सेप्ट सिक्स" नावाच्या पद्धतीत एकेका मुलाच्या वाट्याला १६३ च दिवस येत. इमारत बारा महिने जागी, आणि मूल इतर शाळांपेक्षा सतरा दिवस मागे.

ज्यांचं वर्ष आधीच भरलेलं आहे

जपानमध्ये उन्हाळी सुट्टीत मुलं घरी असली तरी शिक्षक कागदोपत्री कामावरच असतो. प्रशिक्षण असतं, शाळेची क्रीडा आणि कला मंडळं असतात, घरभेटी असतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सातवी ते नववीच्या वर्गांवरचे जपानी शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतात असं दिसलं. सहभागी देशांची सरासरी ३८ च्या आसपास होती. १९७१ च्या कायद्यानुसार त्यांना जादा तासांचे वेगळे पैसे मिळत नाहीत, त्याऐवजी पगाराच्या चार टक्के ठरावीक भत्ता. हे चार टक्के आले १९६६ च्या पाहणीतून, जेव्हा जादा काम महिन्याला आठेक तास निघालं होतं. काम कुठल्या कुठे गेलं, भत्ता पन्नासहून अधिक वर्षं तिथेच. २०२५ मध्ये कायदा बदलून तो टप्प्याटप्प्याने २०३१ पर्यंत दहा टक्के करायचं ठरलं. त्याआधी, २०२१ पासून, गर्दीच्या महिन्यांत जास्त तास काम करून उन्हाळ्यात सलग सुट्टी घेण्याची कायदेशीर सोय केली गेली. इतर देश शिक्षकाची सुट्टी कशी कमी करता येईल ते बघत असताना हा देश ती परत कशी द्यायची याच्या खटपटीत आहे. नव्या उमेदवारांनी या पेशाकडे पाठ फिरवली, तेव्हा सुट्टी हाही पगाराचाच भाग होता हे ध्यानात आलं.

ते अमेरिकेतही खरं आहे, जरा वेगळ्या तऱ्हेने. तिथले सहापैकी साधारण एक शिक्षक उन्हाळ्यात दुसरी नोकरी करतात. त्यांच्यासाठी दहा जादा दिवस म्हणजे सुट्टी बुडणं नव्हे, दुसरीकडची मिळकत बुडणं. रोजच्या दराने भरपाई झाली तर अनेक जण आनंदाने येतील. न झाली तर शाळेला काय मिळेल? नाइलाजाने हजर असलेला शिक्षक.

माझं मत विचाराल तर वाढवायचेच असतील तर आधी मुलं नसलेले दिवस वाढवावेत, पाच ते दहा, शाळा उघडण्याआधी. ते स्वस्त पडतात, कारण बस नको, जेवण नको, सगळे वर्ग उघडायला नकोत. वर्षाची आखणी, समान विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसणं, मागच्या वर्षीच्या शिक्षकाने पुढच्या शिक्षकाला "हिला वाचायला येतं पण लिहायला घाबरते" एवढं सांगणं, यांना एरवी वेळच नसतो. घंटा आणि घंटेच्या मधल्या पाच मिनिटांत जिन्यावर हे बोलणं होतं. मात्र त्या दिवसांतले निम्मे तरी शिक्षकांच्या हातात हवेत. नाही तर सभागृहात तीनशे खुर्च्या, पडद्यावर बारीक अक्षरांचा तक्ता आणि मागच्या रांगेत मांडीवर फोन, असे प्रशिक्षणाचे दिवस कोणी पाहिले नाहीत?

इंग्लंडच्या त्या पाच दिवसांचं आता बऱ्याच शाळांत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पूर्ण दिवस बोलावण्याऐवजी मुख्याध्यापक त्याचे तुकडे करतात. वर्षभरात काही संध्याकाळी शाळा सुटल्यावर शिक्षकांना दोन-दोन तास थांबवायचं, आणि तेवढे तास भरले की तो अख्खा दिवस मोकळा सोडायचा, बहुतेक वेळा सुट्टीला जोडून. नियमाप्रमाणे दिवस १९५ च भरतात.